पटावरचे नाव आणि वर्गातले मूल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अभनपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "दिव्यांग मुलांचे शाळेतील शिक्षण" असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "उत्सवाच्या मानाने विषय थोडा जड होणार नाही ना?" आम्ही म्हणालो, "पन्नास वर्षांच्या संस्थेला एखादे ओझे उचलता यायलाच हवे." त्यांनी हसून संमती दिली, म्हणून आज आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

आरंभीच सांगितले पाहिजे की आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो, आणि तीस वर्षे मुख्यतः एकच काम केले : मंजूर झालेली रक्कम ज्या कामासाठी होती त्या कामापर्यंत पोचली की नाही, हे तपासणे. या कामाने आम्हांस एक गोष्ट शिकविली. खर्च होणे निराळे आणि पोचणे निराळे. आजचे आमचे सर्व निवेदन या एका वाक्यात सामावलेले आहे.

अभनपूरकरांना हे उदाहरणाने सांगण्याची गरज नाही. आपल्या गावी रायपूर–धमतरी छोटी लाइन होती आणि येथूनच राजिमचा फाटा फुटत असे. पुढे ती गाडी बंद झाली. त्यानंतर मोठ्या लाइनीचे काम निघाले. मंजुरी, मोजणी, भराव, रूळ अशा बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या; पण ३० मार्च २०२५ रोजी मंदिर हसौदमार्गे रायपूरची गाडी प्रत्यक्ष सुरू झाली, तेव्हाच 'अभनपूरला रेल्वे आली' असे आपण म्हणालो. भराव झाला तेव्हा कोणी तसे म्हणाले नाही. रेल्वेच्या बाबतीत आपली दृष्टी इतकी चोख असते. शाळेतील दिव्यांग मुलाच्या बाबतीत मात्र मंजुरीची बातमी वाचूनच आपण गाडी आली असे समजतो.

या मंजुऱ्यांचा इतिहास लहान नाही. कर्णबधिर मुलांसाठी मुंबईस १८८५ मध्ये आणि अंध मुलांसाठी अमृतसरला १८८७ मध्ये शाळा निघाली. पण त्या स्वतंत्र शाळा होत्या. दिव्यांग मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळेतच शिकवावे, असा विचार कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मांडला. १९७४ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी योजना सुरू केली. १९९५ मध्ये पहिला अपंग व्यक्ती कायदा झाला. २००९ मध्ये शिक्षणहक्काचा कायदा आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा त्यात स्पष्ट समावेश झाला. २०१६ मध्ये दिव्यांगजन अधिकार कायदा संमत झाला. पूर्वीच्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मानले होते, या कायद्याने एकवीस मानले. शब्दही बदलत गेले. 'अपंग' जाऊन 'विकलांग' आला, 'विकलांग' जाऊन 'दिव्यांग' आला. शब्द बदलण्यास खर्च येत नाही, म्हणून ते काम वेळेवर होते.

आता थोडे घरचे सांगतो. सार्वजनिक व्यासपीठावर घरचे सांगू नये असा आमचा शिरस्ता आहे. आज तो मोडतो, कारण या प्रकरणात चूक आमचीही आहे.

आमच्या धाकट्या मुलाला जन्मापासून कमी ऐकू येते. तो शाळेत जाऊ लागला तेव्हा आमची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झालेली होती. शाळेने त्याचे नाव आनंदाने पटावर घेतले. विशेष शिक्षक आठवड्यातून दोन दिवस येतील आणि दर खेपेस एक तास मुलाला स्वतंत्र शिकवतील, असे सांगण्यात आले. शिबिरातून त्याच्यासाठी श्रवणयंत्र आले. ते शाळेच्या वेळात शाळेतच वापरले जाईल असे ठरले. आमचे समाधान झाले. आम्ही दौऱ्यावर जाऊ लागलो. वर्षाअखेरीस एक प्रपत्र घरी येई. त्यात 'विशेष शिक्षण सेवा : नियमित' असा रकाना असे आणि खाली पालकांच्या सहीची जागा असे. दोन वर्षे आम्ही ती सही केली.

तिसऱ्या वर्षी मुलगा डबा घरी विसरला म्हणून आमच्या सौभाग्यवती शाळेत गेल्या. मुलगा शेवटच्या बाकावर होता. कानात यंत्र नव्हते. विचारल्यावर कळले की यंत्र पेटीसकट कपाटात सुरक्षित आहे. हरवले तर जबाबदारी कोणावर येणार, या भीतीने ते कुलपात ठेवले होते, आणि यादीत मात्र 'वाटप केले' अशी नोंद होती. ती नोंद खोटी म्हणता येत नव्हती. वाटप झालेच होते. ते कानापर्यंत मात्र पोचले नव्हते.

सौभाग्यवतींनी त्या दिवशी भांडण केले नाही. स्वयंपाकघरात 'कालनिर्णय' टांगलेले होते, त्यावर दुधाचा हिशेब असे. त्याच चौकटीत त्या लाल पेन्सिलीने खूण करू लागल्या. विशेष शिक्षक ज्या दिवशी आले त्या दिवशी खूण. मुलाला रोज विचारत, शंका आली तर शेजारच्या मुलीला विचारत. जुलैपासून जानेवारीअखेरपर्यंत, सुट्ट्या वजा जाता, बावन्न खेपा व्हायला हव्या होत्या. खुणा अकरा होत्या. प्रपत्र घरी आले, आम्ही सवयीने पेन काढले, तेव्हा त्यांनी ती पाने आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, ऑफिसात पावती पाहिल्याशिवाय सही करीत नाही म्हणता ना? मग हे काय?"

बंधुभगिनींनो, सेवेतील तीस वर्षांत आमच्यावर इतका अचूक आक्षेप कोणत्याही वरिष्ठाने घेतलेला नाही. परक्याच्या साडेतीनशे रुपयांच्या देयकावर आम्ही तीन शंका काढीत होतो, आणि आपल्या मुलाच्या वर्षावर न वाचता सही करीत होतो.

या अनुभवानंतर आम्ही कायदा वाचला. आधी वाचायला हवा होता. वाचल्यावर आश्चर्य वाटले ते असे की त्यात उणीव फार थोडी आहे. २०१६ च्या कायद्याचे सोळावे कलम शाळेला सांगते की दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्या. इमारत, आवार व सोयी त्याला वापरता येतील अशा करा. त्याच्या गरजेप्रमाणे आवश्यक ते साहाय्य द्या. अंध, बधिर मुलांना त्यांस योग्य अशा भाषेतून व साधनांतून शिकवा. वाचन-लेखनाच्या विशिष्ट अडचणी लवकरात लवकर ओळखा. आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग व प्रगती यांवर देखरेख ठेवा. 'प्रत्येक' हा शब्द कायद्याचा आहे, आमचा नाही. सतरावे कलम दर पाच वर्षांनी अशा मुलांची पाहणी करावयास सांगते. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके व साधने विनामूल्य देण्यास सांगते. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद करते. एकतिसावे कलम अशा मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, विनामूल्य शिक्षणाचा हक्क देते.

पैशाची तरतूदही आहे. समग्र शिक्षा योजना २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तीत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपये धरले गेले आणि मुलींना त्याशिवाय दरमहा २०० रुपयांप्रमाणे दहा महिने विद्यावेतन ठरले. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० दिवस ठरविले आहेत. भागाकार केला तर दिवसाला साडेसतरा रुपये पडतात. रक्कम मोठी नव्हे. पण लहान रकमेचाही हिशेब मागता येतो, किंबहुना लहान असल्यामुळेच तो अधिक काटेकोर मागायला हवा.

राहिला प्रश्न शिक्षकांचा, आणि खरी गाठ येथेच आहे. साधन एकदा विकत घेता येते. माणूस रोज यावा लागतो. रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी निकाल दिला. त्यात प्राथमिक शाळेत दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. साडेतीन वर्षे होत आली तरी पदे नीट भरली गेली नव्हती. म्हणून ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना विशेष शिक्षकांची किती पदे मंजूर आहेत हे त्याच महिन्याच्या २८ तारखेपर्यंत अधिसूचित करावयास सांगितले. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला पदांची संख्या दोनदा विचारावी लागते, तर खेड्यातील एकट्या मातेला उत्तर कसे मिळावे?

या शिक्षकांवर राग काढणे मात्र आम्हांस योग्य वाटत नाही. जो विशेष शिक्षक विकासखंडातील अनेक शाळांत फिरतो, त्याला एका शाळेत आठवड्यातून दोनदा येणे बहुधा शक्यच नसते. आमच्या मुलाच्या शाळेत येणारे शिक्षक आम्ही भेटलो तेव्हा मोकळेपणाने म्हणाले, "साहेब, माझ्या वहीत शाळा इतक्या आहेत की दोन दिवसांचे वचन मी दिलेलेच नव्हते. ते वेळापत्रक वरून छापून आले." म्हणजे वचन देणारा एक, पाळणारा दुसरा, सही करणारा तिसरा, आणि वाट पाहणारा चौथा, त्याला कोणी काही विचारत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. ती सांगतात की तेथे दिव्यांग मुलासाठी शाळा पालकांबरोबर बसून लेखी आराखडा करते. त्या देशात १९७५ मध्ये यासाठी कायदा झाला. आराखड्यात नुसते 'साहाय्य दिले जाईल' असे लिहून भागत नाही. ते कोणत्या तारखेपासून, किती वेळा, किती वेळ आणि कोठे दिले जाईल, हे लिहावे लागते, आणि प्रगती पालकांना वेळोवेळी कळवावी लागते. ही गोष्ट घेण्यासारखी आहे. पण तेथेही कागदाने सर्व साधत नाही. मिशिगन राज्यातील स्टर्जिस गावी मिगेल पेरेझ नावाचा कर्णबधिर मुलगा नवव्या वर्षापासून सरकारी शाळेत शिकला. त्याला दिलेल्या साहाय्यकांना खुणांची भाषा नीट अवगत नव्हती. वर्षानुवर्षे त्याला वरच्या वर्गात चढविण्यात आले, आणि शेवटी काही महिने उरले असताना घरच्यांना कळविण्यात आले की त्याला शालान्त प्रमाणपत्र मिळणार नाही. २१ मार्च २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याला भरपाईचा दावा चालविण्याची वाट मोकळी करून दिली. दावा मिळाला; बालपण परत मिळाले नाही. इतक्या समृद्ध देशात, इतक्या चोख कायद्याखाली असे घडते, ते का? आमच्या मते, प्रगतिपुस्तकावरील शेऱ्यावर विसंबून मुलाकडे पाहण्याचे राहून गेले, म्हणून.

मग आपण काय करावे? आमच्या अल्प बुद्धीप्रमाणे सांगतो.

पहिली गोष्ट : वचन लेखी घ्यावे आणि त्यात आकडा असावा. 'आवश्यक ते साहाय्य' हे वचन मोडताच येत नाही, कारण ते मोजता येत नाही. 'दर मंगळवारी व शुक्रवारी एक तास, अमुक शिक्षक, अमुक खोलीत' हे मोजता येते. शाळेला आठवड्यातून एकदाच शक्य असेल तर एकदा लिहावे. लहान पण खरे वचन मोठ्या छापील वचनाहून मुलाच्या अधिक उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट : घरी नोंद ठेवावी. त्याला शिक्षण लागत नाही. दुधाचा हिशेब ठेवणारी प्रत्येक गृहिणी ती ठेवू शकते. शिक्षक आले की खूण, नाही आले की रिकामी चौकट. महिन्याअखेरीस ते पान शाळेत नेऊन दाखवावे. आम्ही ते पान घेऊन शाळा व्यवस्थापन समितीपुढे गेलो. इकडे हिंदीत तिला 'शाला प्रबंधन समिति' म्हणतात. कायद्याप्रमाणे तीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि वंचित गटातील मुलांच्या पालकांनाही प्रमाणात स्थान असते. दिव्यांग मुले त्या गटात येतात. मुख्याध्यापकांनी पाने पाहिली, वाद घातला नाही. यंत्र कपाटातून बाहेर आले. मुलगा पहिल्या बाकावर आला. आठवड्यातून एक दिवस ठरला आणि तो बहुतेक वेळा पाळला गेला. उरलेल्या दिवसांसाठी विशेष शिक्षकांनी वर्गशिक्षकांस दोन गोष्टी शिकविल्या : फळ्याकडे तोंड करून बोलू नये आणि सांगितलेले समजले का हे मुलाकडून वदवून घ्यावे. या दोन गोष्टींना एक पैसाही लागला नाही.

तिसरी गोष्ट : शाळेत जमले नाही तर पुढे जाण्यास कचरू नये. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती मागता येते. कायद्याने राज्याचे दिव्यांगजन आयुक्त नेमलेले असतात. त्यांनी शिफारस केल्यास संबंधित अधिकाऱ्याने तीन महिन्यांत काय केले ते कळवावे लागते. अतितीव्र अपंगत्वाच्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचा पर्याय २०१२ पासून आहे. तो निवडण्याचा अधिकार मुलाचा व पालकांचा आहे. शाळेने 'घरीच ठेवा' म्हटले म्हणून मुकाट्याने ते मानू नये.

चौथी गोष्ट मंडळासाठी आहे. पालक तक्रार का करीत नाहीत? आम्ही सुशिक्षित, सरकारी अधिकारी. तरी शाळेची पायरी चढताना आमच्याही मनात आले की याचा राग मुलावर निघेल. मग रोजंदारीवर जाणाऱ्या बापाच्या मनात काय येत असेल? एकट्याची भीती दुसऱ्याच्या सोबतीने कमी होते. आपल्या मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, परिचारिका आहेत. महिन्यातून एकदा दोघांनी मिळून अशा एका पालकासोबत शाळेत जावे. प्रमाणपत्रासाठी रायपूरला वैद्यकीय मंडळापुढे जावे लागते, तेथे सोबत करावी. श्रवणयंत्राची बॅटरी संपली म्हणून यंत्र पेटीत पडते. त्यासाठी एक लहानसा निधी ठेवावा. आणि हे केवळ मराठी घरांपुरते ठेवू नये. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढले ते हिंदीत, येथल्या लोकांसाठी. या भूमीचे अन्न आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आहोत. शेजारच्या छत्तीसगढी घरातील मूल आपले नव्हे, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस उरलेला नाही.

आमच्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण मनात विचारीत असाल. तो दोन वर्षे उशिरा दहावी झाला. आज रायपूरला संगणकावर आरेखनाचे काम शिकतो आहे आणि त्यात त्याचे मन रमते. गेल्या दिवाळीत आम्ही त्याला सहज विचारले, "त्या पहिल्या दोन वर्षांतले तुला काय आठवते रे?" त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "सरांची पाठ."

सर फळ्याकडे वळून बोलत असतील, आणि तो शेवटच्या बाकावरून ओठ दिसण्याची वाट पाहत असेल. दोन वर्षे. त्या दोन्ही वर्षांच्या प्रपत्रांवर 'नियमित' या शब्दाखाली आमची सही आहे. ती आता पुसता येत नाही. आपल्यापैकी कोणापुढे उद्या तसा कागद आला, तर सही करण्यापूर्वी शाळेत एक चक्कर टाकावी आणि मूल कोणत्या बाकावर बसले आहे ते पाहून यावे, एवढेच मागणे आहे.